८०सी गेलं, आता निवृत्तीसाठी बचत कशी वाढवायची?

विचारणाऱ्यांनी दिलेली माहिती आधी सांगतो, कारण खालची आकडेमोड तिच्यावरच उभी आहे. वय ४२, चाकणच्या एका कारखान्यात अभियंता. कंपनीचा पीएफचा वाटा सोडून वर्षाचा पगार १३ लाख ५० हजार, त्यात मूळ पगार ६ लाख ७५ हजार. नवी करप्रणाली घेतलेली. पत्नी घरी शिकवण्या घेतात, त्यांचं उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या आसपास. ठेवींचं आणि बचत खात्याचं मिळून व्याज १५ हजार. गृहकर्ज चालू आहे. वडील ६८ वर्षांचे, साताऱ्यात, सरकारी पेन्शनवर. प्रश्न असा: "पूर्वी मार्च आला की ८०सीच्या करवजावटीसाठी पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) आणि विम्याचा हप्ता भरायचो. नव्या प्रणालीत वजावटच नाही म्हटल्यावर पीपीएफ थांबवलं, आता पॉलिसीही बंद करावी म्हणतो. करकायद्यात एवढे बदल झाले, त्यांचा उपयोग करून निवृत्तीची रक्कम वाढवता येईल का? की जुन्या प्रणालीत परत जाऊ?"

परत जाऊ नका. त्याचं कारण दोन ओळींत सांगतो आणि पुढे जातो. नव्या प्रणालीत आज करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७एच्या सवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट वेगळी मिळते, म्हणजे १२ लाख ७५ हजार पगारापर्यंत काही भरावं लागत नाही. जुन्या प्रणालीत एवढ्याच पगारावर कर शून्य करायचा तर प्रमाणित वजावटीखेरीज सव्वासात लाखांच्या वजावटी गोळा कराव्या लागतात. ८०सीचे दीड लाख, एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजनेचे) ५० हजार, गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख आणि आरोग्यविमा एवढं सगळं करूनही माणूस साडेचार लाखांच्या आसपास अडकतो. मुंबईत जबर घरभाडं भरणारे आणि सोबत गावाकडच्या घराचं कर्जही फेडणारे काही मोजके लोक सोडले तर जुनी प्रणाली आता फायद्याची उरलेली नाही. २४ लाख ७५ हजार पगार असलेल्यालाही ती परवडायची तर प्रमाणित वजावट सोडून आठ लाखांहून अधिक वजावटी लागतात.

आता मुद्द्याचं. नव्या प्रणालीने जवळजवळ सगळ्या वजावटी काढून घेतल्या, पण निवृत्तीच्या बचतीचा एक दरवाजा उघडा ठेवला आणि जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात तो आणखी रुंद केला. कलम ८०सीसीडी(२). तुमच्या एनपीएस खात्यात मालकाने, म्हणजे कंपनीने भरलेली रक्कम मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या १४ टक्क्यांपर्यंत तुमच्या उत्पन्नातून वजा होते. आधी खासगी नोकरदारांना ही मर्यादा १० टक्के होती आणि १४ टक्के फक्त सरकारी कर्मचाऱ्यांना मिळत होते. जुन्या प्रणालीत खासगी नोकरदारांसाठी ती अजूनही १० टक्केच आहे. म्हणजे या एका बाबतीत नवी प्रणाली जुनीपेक्षा उदार आहे, आणि नेमकी हीच गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

तुमच्याच पगारावर हिशेब करू. व्याज क्षणभर बाजूला ठेवा. १३ लाख ५० हजारांतून ७५ हजार प्रमाणित वजावट गेली, उरले १२ लाख ७५ हजार. १ एप्रिल २०२५पासूनच्या टप्प्यांनुसार पहिल्या १२ लाखांवर ६० हजार आणि वरच्या ७५ हजारांवर १५ टक्क्यांनी ११,२५०, असा ७१,२५० कर होतो. ४ टक्के उपकर धरून ७४,१००. उत्पन्न १२ लाखांच्या वर गेल्यामुळे ८७एची सवलत गेली, म्हणून हा सगळा कर तुमच्या माथी बसला.

आता कंपनीला सांगून पगारातल्या स्पेशल अलाउन्समधून ७५ हजार काढून तेच "कंपनीचं एनपीएस योगदान" म्हणून भरायला लावा. करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाखांवर आलं. कर शून्य. हातात येणाऱ्या पगारातून ७५ हजार कमी झाले, पण ७४,१०० कर वाचला. ७५ हजार निवृत्तीच्या खात्यात गेले आणि वर्षभरात तुमच्या घरखर्चाला ९०० रुपये कमी पडले. हो, नऊशे.

हे वाचून लोक आधी मला, मग कॅल्क्युलेटरला पुन्हा विचारतात. करून पाहा, आकडा बदलत नाही.

पण तुमचं १५ हजार व्याज आहे, आणि इथे एक सापळा आहे. उत्पन्न १२ लाखांच्या किंचित वर गेलं तर एकदम ६० हजारांचा दणका बसू नये म्हणून कायद्यात सीमांत सूट ठेवली आहे: १२ लाखांच्या वर जेवढी रक्कम गेली, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. ऐकायला दयाळू वाटतं. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की १२ लाख ते साधारण १२ लाख ७० हजार या पट्ट्यात वर आलेला प्रत्येक रुपया पूर्णच्या पूर्ण करात जातो, वर उपकर. तुम्ही एनपीएसमध्ये फक्त ७५ हजार वळवलेत तर व्याज धरून उत्पन्न १२ लाख १५ हजार होईल आणि १५,६०० रुपये भरावे लागतील. म्हणजे ठेवीचं सगळं व्याज सरकारला, शिवाय ६०० पदरचे. म्हणून तुमच्या बाबतीत ७५ हजारांवर न थांबता १४ टक्क्यांची पूर्ण मर्यादा वापरा: ६ लाख ७५ हजारांचे १४ टक्के, ९४,५००. मग व्याजासकट उत्पन्न ११ लाख ९५ हजार ५०० राहतं आणि कर शून्य. व्याज धरून एनपीएसशिवाय तुमचा कर ७६,४४० झाला असता. म्हणजे ९४,५०० रुपये निवृत्तीला लावायला प्रत्यक्षात १८,०६० रुपये पडले, महिन्याला दीड हजार. शिवाय साडेचार हजारांची मोकळी जागा हाताशी राहिली, बँकेने व्याज थोडं जास्त दिलं तर कामाला येईल.

याच पट्ट्यातली आणखी एक गफलत म्युच्युअल फंडवाल्यांची होते. शेअर आणि इक्विटी फंडांच्या दीर्घकालीन नफ्यातले वर्षाला सव्वा लाख करमुक्त आहेत (२०२४-२५ या आर्थिक वर्षापासून, त्याआधी एक लाख होते), म्हणून मार्चमध्ये तेवढा नफा काढून घ्या असा सल्ला सगळीकडे फिरत असतो. सल्ला चुकीचा नाही. पण हा सव्वा लाख करमुक्त असला तरी एकूण उत्पन्नात मोजला जातो, आणि ८७एची १२ लाखांची मर्यादा एकूण उत्पन्नावर बघतात. ११ लाख ९५ हजारांवर बसलेल्या माणसाने हौसेने सव्वा लाख नफा काढला की पगारावरची शून्याची सोय मोडते. तुम्ही सध्या या खेळात पडू नका. ज्यांचं उत्पन्न तसंही १६-२० लाख आहे त्यांनी खुशाल करावं.

आता कंपनीकडे काय मागायचं ते. हा फायदा फक्त पेरोलमधून मिळतो. तुम्ही स्वतः बँकेच्या ॲपवरून एनपीएसमध्ये ९४,५०० भरलेत तर नव्या प्रणालीत वजावट शून्य, कारण ते कर्मचाऱ्याचं योगदान ठरतं. जुलैमध्ये विवरणपत्र भरताना करप्रणाली बदलता येते, ही चूक मात्र तेव्हा दुरुस्त होत नाही. कंपनीची एनपीएसच्या कॉर्पोरेट विभागात नोंदणी लागते, तुमचं प्रान (एनपीएसचा कायमचा खातेक्रमांक) तिथे जोडावं लागतं, आणि पगारपत्रकात ती रक्कम मालकाचं योगदान म्हणून वेगळ्या ओळीत दिसायला हवी. एचआर बहुतेक वेळा म्हणेल, "आपल्याकडे तशी पद्धत नाही." तेव्हा दोन गोष्टी सांगा. एक, एकूण सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा खर्च, तेवढाच राहतो, कंपनीला एक रुपया जास्त पडत नाही. दुसरी, कंपनीला या योगदानाची स्वतःच्या नफ्यातून मिळणारी वजावटही २०२४मध्येच १० वरून १४ टक्क्यांवर नेलेली आहे. एकट्याने मागितलं तर फाईल टेबलावर पडून राहते. तुमच्या पगारपट्टीतले दहा-बारा जण मिळून एका ईमेलवर गेलात तर काम होतं. एप्रिलमध्ये गुंतवणुकीची घोषणा मागवतात, त्याच्या आधीच हे सुरू करा, म्हणजे रक्कम बारा महिन्यांत विभागली जाईल. कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्यामुळे बऱ्याच कंपन्या पगाराची रचना तशीही बदलताहेत. मूळ पगार वाढणार असेल तर १४ टक्क्यांची जागाही वाढते. हा विषय काढायला याहून सोयीची वेळ मिळणार नाही.

कलमांचे आकडे मी जुनेच वापरतोय, कारण सगळ्यांच्या तोंडी तेच आहेत. १ एप्रिल २०२६पासून १९६१च्या कायद्याच्या जागी प्राप्तिकर कायदा, २०२५ येतो. त्यात ८०सी हे कलम १२३ होतं. एचआरच्या अर्जावर नवे आकडे दिसले तर गोंधळून जाऊ नका.

यावर नेहमी एक आक्षेप येतो: एनपीएसमध्ये पैसा साठाव्या वर्षापर्यंत अडकतो, आणि शेवटी पेन्शन घ्यावी लागते, तिच्यावर कर लागतो. दोन्ही खरं आहे, पण पहिल्याचं वजन जास्त आहे. मधल्या काळात एनपीएसमधून थोडी रक्कम काढायची मुभा आहे, पण ती फक्त स्वतःच्या योगदानाच्या २५ टक्क्यांपर्यंत आणि ठरावीक कारणांसाठी. कंपनीने भरलेला भाग तिच्यात येत नाही. म्हणजे या वाटेने गेलेला पैसा मुलीच्या शिक्षणाला किंवा घराच्या डागडुजीला मिळेल अशी आशा धरू नका. मला तरी निवृत्तीच्या पैशाच्या बाबतीत हा गुण वाटतो. पीएफ मधेच काढून फ्लॅटमध्ये आणि लग्नात घातलेली माणसं साठीला कशी चाचपडतात ते या व्यवसायात फार जवळून दिसतं.

दुसऱ्या आक्षेपाचं वजन मात्र कायद्यानेच कमी केलं आहे. डिसेंबर २०२५मध्ये पीएफआरडीएने, म्हणजे पेन्शन निधींच्या नियामकाने, एनपीएसमधून बाहेर पडण्याचे नियम बदलले. बिगरसरकारी सदस्याला आता साठीला जमा रकमेच्या ८० टक्क्यांपर्यंत एकरकमी काढता येते, पेन्शनसाठी किमान २० टक्के ठेवावे लागतात. आधी हे प्रमाण ६० आणि ४० होतं. एकूण जमा आठ लाखांपर्यंत असेल तर सगळीच रक्कम काढता येते. इथे एक बारकावा लक्षात ठेवा: काढण्याची मर्यादा ८० झाली, पण प्राप्तिकर कायद्यातली करमाफी ६० टक्क्यांपुरती लिहिलेली आहे. काढण्याचा नियम एक खातं करतं, कराचा नियम दुसरं. तेव्हा नियोजन ६० टक्के करमुक्त धरूनच करा आणि वरचे २० टक्के करपात्र समजा.

आणि पेन्शनवर कर लागतो म्हणजे किती लागतो? निवृत्तीनंतर तुमचं उत्पन्न आजच्या पगाराएवढं नसणार. आजचेच टप्पे धरले तर वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या पेन्शन-व्याजावर कर शून्य आहे. आज १५ टक्क्यांच्या, किंवा तुमच्यासारख्यांच्या बाबतीत त्याहून फार मोठ्या दराच्या पट्ट्यात कर वाचवायचा आणि पुढे शून्याच्या पट्ट्यात ते पैसे घ्यायचे, हा सौदा पाच-सहा वर्षांपूर्वी मध्यमवर्गीय पगारदाराला उपलब्धच नव्हता. उद्याचं सरकार दर बदलू शकतं, म्हणून सगळे पैसे एनपीएसमध्ये टाका असं मी म्हणत नाही. पेरोलमधून जेवढं जातं तेवढंच जाऊ द्या. वरचा एक रुपयाही स्वतःहून तिथे घालू नका.

ज्यांचा पगार मुळातच पावणेतेरा लाखांच्या आत आहे त्यांनी तर हा मार्ग घेण्याची घाईच करू नये. त्यांना आज वाचवायला करच नाही. पैसे अडकणार, निघताना ४० टक्क्यांवर कराची शक्यता राहणार, आणि आत जाताना काहीच मिळणार नाही. त्यांच्यासाठी पुढचा भाग जास्त कामाचा आहे. उलट २५-३० लाख पगारवाल्यांना १४ टक्क्यांवर साधारण २६ ते ३१.२ टक्के वाचतात, त्यांनी विचारसुद्धा करत बसू नये. फक्त कंपनीचा पीएफ, एनपीएस आणि सुपरॲन्युएशन (कंपनीचा वेगळा निवृत्ती निधी) मिळून वर्षाला साडेसात लाखांच्या वर गेलं की वरचा भाग पगारात धरून करपात्र होतो. पीएफचे १२ आणि एनपीएसचे १४ टक्के धरले तर ही वेळ मूळ पगार २८ लाख ८० हजारांच्या पुढे गेल्यावर येते.

पीपीएफ तुम्ही थांबवलंत, ते मला पटलं नाही. भरताना मिळणारी वजावट गेली, पण व्याज आणि मुदतीनंतरची रक्कम नव्या प्रणालीतही पूर्ण करमुक्त आहे, आणि ते व्याज एकूण उत्पन्नात मोजलं जात नाही. वर सांगितलेला १२ लाखांचा काठ आठवा. ठेवीचं व्याज तुम्हाला त्या काठावरून ढकलतं, पीपीएफचं ढकलत नाही. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर आणीबाणीपुरती ठेव ठेवून बाकीची रक्कम दरवर्षी पीपीएफमध्ये सरकवली असती, महिन्याच्या पाच तारखेच्या आत.

त्याहून चांगला पर्याय तुमच्या पगारपत्रकातच आहे: व्हीपीएफ, म्हणजे पीएफमध्ये स्वेच्छेने कापून घेतलेली जादा रक्कम. पीपीएफचा दर एप्रिल २०२०पासून ७.१ टक्क्यांवर थांबलेला आहे, तर ईपीएफवर, म्हणजे नोकरीतल्या पीएफवर, २०२४-२५साठी ८.२५ टक्के मिळाले. कर्मचाऱ्याचं स्वतःचं योगदान वर्षाला अडीच लाखांपर्यंत असेल तर व्याज करमुक्त, वरच्या भागावरचं व्याज १ एप्रिल २०२१पासून करपात्र. तुमचे १२ टक्के म्हणजे ८१ हजार तसेही कापले जातात, म्हणजे एक लाख ६९ हजारांची जागा रिकामी आहे. तेवढी सगळी भरा असं नाही. महिन्याला पाच हजारांनी सुरुवात केलीत तरी ते पगार हातात येण्याआधीच जातील, आणि मला वाटतं खरी गोम तिथेच आहे.

८०सीचा मोठा उपयोग कर वाचवण्यापेक्षा वेगळाच होता. ते मारून-मुटकून बचत करायला लावायचं. फेब्रुवारीत ऑफिसने पुरावे मागितले की लोक कुठून तरी दीड लाख उभे करत. नवी प्रणाली आली, तो धाक गेला आणि कर कमी झाल्याचे पैसे गुपचूप पगार खात्यात मिसळून गेले. तुमचंच बघा. २०२४-२५मध्ये याच पगारावर नव्या प्रणालीत तुमचा कर ९८,८०० होता. टप्पे बदलल्यावर काही न करता तो ७४,१००वर आला. म्हणजे २४,७०० रुपये, महिन्याला दोन हजार, जास्त हातात आले. ते कुठे गेले ते सांगता येईल का? बहुतेकांना येत नाही. करात जेव्हा जेव्हा कपात होते तेव्हा पुढच्याच महिन्यापासून तेवढ्या रकमेची एसआयपी किंवा व्हीपीएफ लावायचा, एवढा एक नियम पाळला तर बाकीचं नियोजन थोडं ढिसाळ असलं तरी चालतं. तुमचे दोन हजार इंडेक्स फंडाच्या एसआयपीत घाला. ईएलएसएस (८०सीची वजावट देणारे इक्विटी फंड) मुद्दाम घ्यायची आता गरज नाही, तीन वर्षांचं कुलूप विनाकारण लागतं.

या सगळ्याचं साठीला किती होईल? एनपीएसचे ९४,५०० दरवर्षी तेवढेच धरले, १८ वर्षं, आणि परतावा ९ टक्के मानला (मानला, हमी कोणीच देत नाही), तर साधारण ३९ लाख होतात. ऐकायला बरं वाटतं. पण महागाई ६ टक्के धरली तर ते आजच्या हिशेबाने पावणेचौदा लाख. म्हणून मूळ पगार वाढेल तसे १४ टक्के आपोआप वाढले पाहिजेत. पेरोलमध्ये ठरावीक रक्कम न लिहिता टक्केवारी लिहून घ्या. आणि एनपीएसमध्ये इक्विटीचा वाटा स्वतः निवडा. ४२व्या वर्षी ७५ टक्के इक्विटी मला जास्त वाटत नाही. १ ऑक्टोबर २०२५पासून बिगरसरकारी सदस्यांना १०० टक्के इक्विटीच्या योजनाही घेता येतात, पण बाजार ३० टक्के पडला तरी झोप लागेल अशी खात्री असल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

पत्नीच्या बाबतीत लोक नेमकं उलट करतात. नवऱ्याचा पगार गुंतवायचा आणि बायकोच्या शिकवण्यांच्या पैशातून किराणा भरायचा. हे फिरवा. घर तुमच्या पगारावर चालवा आणि त्यांची कमाई त्यांच्याच नावावर गुंतवा. त्यांचं उत्पन्न शून्य कराच्या टप्प्यात आहे, त्यावर मिळणारं व्याज आणि नफाही तिथेच राहील. तुम्ही तुमचे पैसे त्यांच्या नावावर ठेवीत किंवा फंडात टाकलेत तर त्यावरचं उत्पन्न कायद्याने तुमच्या उत्पन्नात मिळवलं जातं आणि पुन्हा तो १२ लाखांचा काठ आडवा येतो. पीपीएफ याला अपवादासारखं आहे: तुम्ही दिलेल्या पैशातून त्यांच्या खात्यात भरलं तरी व्याज करमुक्तच असल्याने मिळवण्यासारखं काही उरत नाही. त्यांचं पीपीएफ खातं नसेल तर आधी ते उघडा. त्यांना पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. घरात निवृत्तीची तरतूद सर्वांत जास्त त्यांनाच लागणार आहे.

वडिलांचं उत्तर छोटं आहे. पेन्शनवर त्यांनाही ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. पेन्शन आणि व्याज मिळून उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर नव्या प्रणालीत कर नाही. ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी ८०टीटीबीची ५० हजारांची सवलत सोडवत नाही म्हणून जुन्या प्रणालीत राहणारे बरेच ज्येष्ठ मी पाहतो आणि त्यातले बहुतेक विनाकारण कर भरतात. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा २०२३मध्ये १५ लाखांवरून ३० लाख झाली. ८.२ टक्क्यांनी पूर्ण रकमेवर दर तिमाहीला ६१,५०० येतात. ज्येष्ठांच्या व्याजावर बँकेची टीडीएस कापण्याची मर्यादा १ एप्रिल २०२५पासून एक लाख आहे. त्यांचं व्याज त्याहून जास्त असेल आणि एकूण कर शून्य येत असेल, तर एप्रिलमध्येच "कर कापू नका" असं सांगणारा फॉर्म (जुन्या कायद्यातला १५एच) प्रत्येक बँकेत आणि पोस्टात वेगवेगळा द्यायला लावा. नाहीतर परताव्यासाठी वर्षभर थांबावं लागतं.

राहिली पॉलिसी आणि कर्ज. पॉलिसी तडकाफडकी बंद करू नका. विमा कार्यालयातून तीन आकडे लेखी घ्या: आज मोडली तर किती, हप्ते थांबवून पेडअप केली तर मुदतीला किती, आणि पूर्ण चालवली तर किती. १ ऑक्टोबर २०२४पासून सुरुवातीच्या वर्षांत मोडण्याची किंमत पूर्वीपेक्षा बरी मिळते, पण तुमची पॉलिसी जुनी असेल आणि तीन-चार हप्तेच उरले असतील तर बहुधा चालवणंच ठीक ठरेल. दहा-बारा वर्षं उरली असतील तर पेडअपचा आकडा नीट बघा. मात्र आधी एक टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणारा) हातात असू द्या. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही.

गृहकर्जावर नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, म्हणून "कर वाचतो, कर्ज असू द्या" हे जुनं गणित तुमच्यापुरतं संपलं आहे. तुमचा दर साडेआठ टक्के असेल तर मुदतीआधी फेडलेला प्रत्येक रुपया तुम्हाला साडेआठ टक्के करमुक्त मिळवून देतो, व्हीपीएफपेक्षा थोडा जास्तच. क्रम असा लावा: आधी पेरोलमधून एनपीएस, मग हाताशी सहा महिन्यांचा खर्च, त्यानंतर एसआयपी, आणि बोनस आला की तो निम्मा कर्जात आणि निम्मा पीपीएफ-व्हीपीएफमध्ये. कर्जाचा दर साडेसातच्या खाली आला तर बोनसचा कर्जातला वाटा कमी करून व्हीपीएफ वाढवा.